विश्लेषण : प्रशिक्षक बदलला की संघ सुधारतो? मुंबई सिटीच्या चाहत्याचे पाच आक्षेप आणि अकरा हंगामांचा हिशेब

गेल्या वर्षी २९ मार्चच्या रात्री बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यातल्या बीबी गावात एका तरुणाने सामना संपायच्या आधीच मोबाइल बंद करून ठेवला. बेंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, बाद फेरीचा सामना सुरू होता. त्याचा संघ मुंबई सिटी एफसी यजमान बेंगळुरू एफसीकडून ०-५ असा हरला. बरोबर ३२९ दिवसांपूर्वी, ४ मे २०२४ रोजी, याच संघाने आयएसएलचा चषक उंचावला होता.

बीबीपासून मुंबई चारशेहून अधिक किलोमीटरवर. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनात हा चाहता कधीच गेलेला नाही. कृषी सेवा केंद्रातले काम आटोपले की रात्री फोनवर सामना पाहायचा, एवढेच त्याचे संघाशी नाते. घरात काका विचारतात, क्रिकेट सोडून हे काय बघतोस? पण ०-५ च्या रात्रीनंतर त्याची पाच मते पक्की झाली. प्रशिक्षकाला घरी पाठवा. बचावफळी बदला. चषक जिंकलेला संघ मोडला कोणी, ते सांगा. भारतीय प्रशिक्षक आणा. आणि आपल्याकडच्या पोरांना संघात घ्या.

देशभरातल्या मुंबई सिटीच्या चाहत्यांची तक्रारही थोड्याफार फरकाने हीच आहे. येत्या १४ फेब्रुवारीला लांबलेला हंगाम अखेर सुरू होत असताना यातले कोणते मत आकड्यांवर टिकते आणि कोणते नाही, हे तपासून पाहू.

हा प्रश्न आताच का?

मुंबई सिटीची स्थापना २०१४ ची. अभिनेता रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे संस्थापक मालक. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची पालक कंपनी सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचे ६५ टक्के समभाग घेतले. त्याआधीच्या काळात मुंबईकडे एकही मोठा चषक नव्हता. त्यानंतर दोन लीग शील्ड (२०२०-२१ आणि २०२२-२३) आणि दोन आयएसएल चषक (२०२०-२१ आणि २०२३-२४) आले. साखळीत अव्वल राहणाऱ्याला शील्ड मिळत असे. त्यानंतरची बाद फेरी जिंकणाऱ्याला चषक.

२०२५ मध्ये सगळेच अडले. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला १५ वर्षांचा करार ८ डिसेंबरला संपणार होता आणि नवा करार झाला नाही. त्यामुळे सप्टेंबरमध्ये लीग सुरूच झाली नाही. डिसेंबरअखेर सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतील आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा संस्थापक मालकांकडे आला. जानेवारीत क्रीडामंत्र्यांनी लीग होणार असल्याचे जाहीर केले: १४ संघ, एकेरी फेरी, एकूण ९१ सामने.

म्हणजे प्रशिक्षक कोण असावा आणि कोणाला संघात ठेवावे, हे निर्णय यापुढे मँचेस्टरच्या मदतीशिवाय घ्यावे लागणार आहेत. चाहत्याच्या मतांना म्हणूनच आज जास्त वजन आहे.

आक्षेप पहिला : प्रशिक्षक बदलायला हवा होता

मुंबईने २०१४ ते २०२५ या अकरा हंगामांत सात मुख्य प्रशिक्षक पाहिले. इंग्लंडचे पीटर रीड, फ्रान्सचा निकोलस अनेल्का (तो खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही), कोस्टा रिकाचे अलेक्झांडर गिमारायश, पोर्तुगालचे जॉर्ज कोस्टा, स्पेनचे सर्जियो लोबेरा, इंग्लंडचे डेस बकिंगहॅम आणि चेक प्रजासत्ताकाचे पेत्र क्रात्की.

या काळात संघाची मोठी घसरण तीनदा झाली. २०१६ मध्ये साखळीत पहिला आलेला संघ पुढच्या हंगामात सातवा आला. २०२०-२१ मध्ये शील्ड आणि चषक दोन्ही जिंकणारा संघ पुढच्या वर्षी पाचवा. २०२३-२४ चा चषकविजेता पुढच्या वर्षी सहावा.

आता या तीन घसरणींच्या वेळी प्रशिक्षक कोण होते ते पाहा. पहिल्या वेळी दोन्ही हंगामांत गिमारायशच होते. तिसऱ्या वेळी दोन्हीकडे क्रात्कीच. फक्त मधल्या वेळी बदल झाला, लोबेरा गेले आणि बकिंगहॅम आले. म्हणजे तीनपैकी दोन वेळा वर नेणारा आणि खाली येताना बाकावर असलेला माणूस एकच होता. एका उन्हाळ्यात प्रशिक्षकाचे ज्ञान आटत नाही. मग दुसरे काहीतरी बदललेले असणार.

उलट दिशेचे उदाहरणही मुंबईकडेच आहे. पाचव्या क्रमांकानंतर २०२२ मध्ये बकिंगहॅम यांना काढले नाही. पुढच्या हंगामात याच बकिंगहॅम यांच्या संघाने २० पैकी १४ सामने जिंकले, सलग १८ सामन्यांत पराभव पाहिला नाही आणि ४६ गुणांसह शील्ड मिळवले.

प्रशिक्षकाने काहीच फरक पडत नाही, असा याचा अर्थ नाही. २४ एप्रिल २०२४ चा गोव्यातला उपांत्य सामना आठवा. ९० व्या मिनिटापर्यंत मुंबई ०-२ अशी मागे होती. तिथून भरपाई वेळ संपेपर्यंत तीन गोल करून मुंबईने सामना ३-२ असा जिंकला. लालियानझुआला छांगटेचे दोन आणि विक्रम प्रताप सिंगचा एक. शेवटच्या मिनिटापर्यंत धावण्याची तयारी आणि हार न मानणारी रचना हे प्रशिक्षकाचेच काम असते. पण तो हाताशी असलेल्या खेळाडूंमधूनच ते उभे करतो.

निकाल : आक्षेप टिकत नाही, निदान एकटा तरी नाही.

आक्षेप दुसरा : बचावफळी कुचकामी होती

पाच गोल खाल्लेला सामना डोळ्यांसमोर असला की दोष बचावपटूंकडे जाणे स्वाभाविक आहे. मात्र एका सामन्याऐवजी पूर्ण हंगाम मोजला की चित्र पालटते.

शील्ड जिंकलेल्या २०२२-२३ मध्ये मुंबईने साखळीच्या २० सामन्यांत २१ गोल खाल्ले. सामन्याला सरासरी १.०५. सहाव्या क्रमांकाच्या २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत २८ गोल, म्हणजे सरासरी १.१७. फरक नाममात्र.

आता केलेले गोल बघा. २०२२-२३ मध्ये २० सामन्यांत ५४, म्हणजे सामन्याला २.७. २०२४-२५ मध्ये २४ सामन्यांत २९, म्हणजे १.२. गोल करण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले.

याचा परिणाम निकालांच्या रकान्यात स्पष्ट दिसतो. २०२४-२५ मध्ये मुंबईचे ९ विजय, ६ पराभव आणि तब्बल ९ बरोबरी. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक. बरोबरीत सुटलेल्या नऊपैकी पाच सामन्यांत एकेक गोल जास्त झाला असता, तर दहा गुण वाढले असते. ३६ चे ४६ झाले असते आणि संघ सहाव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर गेला असता. संघ हरत कमी होता, पण जिंकू शकत नव्हता. ही खूण कमकुवत आघाडीची असते, ढिल्या बचावाची नव्हे.

निकाल : आक्षेप चुकीच्या दिशेने. दुखणे पुढच्या बाजूला होते.

आक्षेप तिसरा : जिंकलेला संघ मोडला

इथे मात्र बीबीच्या चाहत्याने नेमके बोट ठेवले आहे.

२०२१ मध्ये दुहेरी यश मिळाल्यावर कर्णधार आणि गोलरक्षक अमरिंदर सिंग आणि मधल्या फळीतला ह्युगो बुमूस हे दोघे थेट प्रतिस्पर्धी एटीके मोहन बागानकडे गेले. आघाडीपटू ॲडम ल फॉन्ड्र गेला. बार्थोलोम्यू ओगबेचे हैदराबादला गेला आणि पुढच्याच हंगामात १८ गोल करून लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. मुंबई पाचवी आली.

२०२३-२४ मध्येही गळती होती, पण ती वेगळी. नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले. जानेवारीत ग्रेग स्टीवर्ट आणि रॉस्टिन ग्रिफिथ्स यांनी क्लब सोडला. हंगाम चालू असताना प्रशिक्षक आणि दोन महत्त्वाचे परदेशी खेळाडू जाऊनही मुंबई साखळीत दुसरी आली आणि कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३-१ असे हरवून चषक घेऊन गेली. कारण भारतीय खेळाडूंचा गाभा जागेवर होता. गोलमध्ये फुर्बा लाचेनपा, बचावात राहुल भेके आणि मेहताब सिंग, मध्ये आपुइया, कडेला छांगटे आणि बिपिन सिंग.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात हा गाभाच फुटला. आपुइया मोहन बागानकडे गेला. कर्णधार भेके, चषकाच्या अंतिम सामन्यात गोल केलेला होर्हे पेरेरा दियाझ आणि अल्बर्टो नोगेरा हे तिघे बेंगळुरूकडे. गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस आणि परदेशातून आघाडीपटू निकोस कारेलिससारखे नवे चेहरे आले, पण जुळून यायला वेळ लागला.

पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. आपुइया ज्या मोहन बागानमध्ये गेला, त्यांनी २०२४-२५ चे शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले. ज्या बेंगळुरूने मुंबईला ५-० असे हरवले, त्यांच्या संघात मुंबईने गमावलेले तिघे होते. बेंगळुरू अंतिम फेरीपर्यंत पोहोचली.

मग क्लब खेळाडू सोडतात तरी का? कारण बहुतेकदा साधे असते. करार संपला की खेळाडू मोकळा होतो आणि जुन्या क्लबला एक रुपयाही मिळत नाही. करार शिल्लक असेल तर दुसऱ्या क्लबला किंमत मोजावी लागते आणि कधी ती किंमत नाकारणे अवघड जाते. त्यातच लीगमध्ये एकूण मानधनावर कमाल मर्यादा आहे. चषक जिंकला की प्रत्येक खेळाडूचा भाव वाढतो, मर्यादा मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. जिंकलेला संघ एकत्र ठेवणे म्हणूनच संघ बांधण्यापेक्षा कठीण.

यावरचा उपाय आधीच करावा लागतो. यश मिळण्यापूर्वी, संघ चौथा-पाचवा असताना, गाभ्यातल्या पाच-सहा खेळाडूंचे करार लांबवून घ्यायचे. चाहत्यांनी जाब विचारायचा तर इथे.

निकाल : आक्षेप टिकतो. पाचांपैकी सर्वात भक्कम.

आक्षेप चौथा : भारतीय प्रशिक्षक का नाही?

मुंबईच्या सातही प्रशिक्षकांत एकही भारतीय नाही. शेवटच्या दोघांची वाट तर एकच. बकिंगहॅम आणि क्रात्की हे दोघेही ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्न सिटीत सहायक होते, जो क्लब सिटी फुटबॉल ग्रुपचाच आहे. समूहाच्या एका क्लबमध्ये माणूस तयार करायचा आणि दुसऱ्यात मुख्य जबाबदारी द्यायची, ही त्यांची पद्धत. खेळण्याची शैली सारखी राहते, नव्याने शिकवावे लागत नाही. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब मुंबई सिटी ठरला, तो बकिंगहॅम यांच्याच हाताखाली. पण पुढच्या वेळी २०२३ मध्ये याच स्पर्धेत गटातले सहाही सामने मुंबईने गमावले, हेही खरे.

डिसेंबरनंतर ही वाट बंद झाली आहे. मग भारतीय नावाचा विचार होणारच, आणि सर्वात ठळक उदाहरण मुंबईच्या मातीतले आहे. खालिद जमील महिंद्रा युनायटेडकडून खेळले, पुढे मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. २०१७ मध्ये त्यांनी मिझोरामच्या छोट्याशा ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. २०२४-२५ मध्ये त्यांच्या जमशेदपूरने ३८ गुणांसह पाचवे स्थान घेतले, मुंबईपेक्षा एक पायरी वर, आणि उपांत्य फेरी गाठली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. तिथे सुरुवात चांगली झाली, पण आशियाई चषकाची पात्रता मात्र हुकली.

म्हणजे भारतीय प्रशिक्षकाने संघ आपोआप जिंकत नाही, तसा परदेशी प्रशिक्षकानेही नाही. खरा प्रश्न संधीचा आहे. आयएसएलच्या मुख्य प्रशिक्षकाकडे एएफसी प्रो परवाना किंवा त्याच्या तोडीचा परवाना लागतो. तो मिळवलेले भारतीय आज आहेत, पण बहुतेकांना सहायकाच्या खुर्चीपुढे जाता येत नाही.

निकाल : अर्धा आक्षेप मान्य. नाव भारतीय आहे म्हणून नव्हे, पण नाव यादीत तरी असायला हवे.

आक्षेप पाचवा : आपल्याकडची पोरे संघात का नाहीत?

भेके मूळचा मुंबईचा. तो गेल्यावर महाराष्ट्राशी संघाचे नाते जर्सीवरच्या शहराच्या नावापुरतेच उरले, असे चाहत्याला वाटते. पण क्लबला दोष देण्याआधी एक तुलना करून पाहू.

छांगटे आणि आपुइया मिझोरामचे. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या सुमारे ११ लाख होती. एकट्या बुलढाणा जिल्ह्याची सुमारे २६ लाख. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान राज्यातून भारताच्या संघापर्यंत खेळाडू जातात. छांगटे २०२२-२३ मध्ये १० गोल करून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता.

हा चमत्कार रक्तातला नाही. २०१२ मध्ये मिझोरामने स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली आणि गावागावातल्या मुलांना दर हंगामात ठरावीक सामने मिळू लागले. बीबीतल्या मुलाला चेंडू आहे, मोकळे शेत आहे, फोनवर सामने आहेत. वर्षभर चालणारी, निकाल नोंदवणारी स्पर्धा मात्र नाही. विदर्भात नागपूर आणि कामठीला फुटबॉलची जुनी परंपरा आहे, पण ती बुलढाण्यापर्यंत पोहोचली नाही. खेळाडू शोधणारा माणूस जिथे नियमित सामने होतात तिथेच जातो.

परदेशी खेळाडूंच्या नियमाचाही इथे संबंध आहे. २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू उतरवता येतात. उरलेल्या सात जागा भारतीयांच्याच. पण परदेशी जागा बहुतेक क्लब आघाडीपटू आणि मधल्या बचावपटूवर खर्च करतात. मुंबईचेही तेच. ल फॉन्ड्र, ओगबेचे, दियाझ, कारेलिस असे गोल करणारे बाहेरचे, आणि छांगटे, बिपिन, विक्रम हे भारतीय कडेला. २०१५ मध्ये मुंबईच्याच जर्सीत सुनील छेत्रीने आयएसएलमधली भारतीयाची पहिली हॅट्ट्रिक केली होती. त्याची जागा घेणारा भारतीय आघाडीपटू देशाला अजून सापडलेला नाही, त्याचे एक कारण हेही आहे.

निकाल : मागणी रास्त, पण पत्ता चुकीचा. ती आधी जिल्हा आणि राज्य संघटनेकडे जायला हवी.

दुसरा संघ धरला तर?

एवढा मनस्ताप कशाला, दुसरा संघ बघ, असे कोणीही म्हणेल. पण महाराष्ट्राच्या चाहत्याला ही सोय नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी गेला. मुंबई एफसी २०१७ नंतर दिसला नाही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये आज राज्याचा एकच संघ आहे आणि त्याच्या मोठ्या मालकाने नुकताच काढता पाय घेतला आहे. म्हणूनच प्रशिक्षक कोण या प्रश्नाच्या खाली दुसरा प्रश्न दडलेला आहे: दोन वर्षांनी हा संघ असेल का?

या हंगामात काय पाहायचे?

एकेरी फेरीमुळे प्रत्येक संघाला साखळीत फक्त १३ सामने मिळतील. नाणे १३ वेळा उडवले तर कधी आठ छापा, पाच काटा पडतात, तेवढ्याने नाणे खोटे ठरत नाही. इतक्या कमी सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो. एक चुकलेली पेनल्टी किंवा एक लाल कार्ड दोन-तीन स्थाने वरखाली करू शकते. त्यामुळे मेमधल्या गुणतक्त्यावरून प्रशिक्षकाला डोक्यावर घेणे किंवा घरी पाठवणे, दोन्ही घाईचे ठरेल.

त्याऐवजी तीन गोष्टींची नोंद ठेवता येईल. सामन्यागणिक गोलांची सरासरी १.२ च्या वर जाते का? पहिल्या अकरांतले किती खेळाडू सलग सामन्यांत तेच राहतात? आणि हंगाम संपण्याआधी छांगटेसारख्या प्रमुख भारतीय खेळाडूंच्या कराराबाबत क्लब काही जाहीर करतो का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मैदानावर मिळणार नाही, पण पुढचे दोन हंगाम त्यावर ठरतील. नवे जुने मालक संघ चालवायला बसले आहेत की नुसता सांभाळायला, हेही त्यातूनच कळेल.

बीबीचा चाहता १४ तारखेनंतर पुन्हा फोन उघडून बसणार आहे. पाचपैकी एक आक्षेप त्याने यादीतून काढला आहे, बचावफळीचा. प्रशिक्षकाचा मात्र तसाच ठेवलाय. आकडे काहीही म्हणोत, ०-५ ची रात्र तो इतक्यात विसरणार नाही.